मोटर, गेम आणि काकांची हळद

आमच्या शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद होते. विहिरीजवळच्या स्टार्टरच्या डब्यात सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावायचा आणि सांगितलेला आकडा दाबायचा. डबा फक्त घरच्या मोठ्या फोनचं ऐकतो. दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात हे काम माझ्याकडं आलं, कारण तो फोन सदानकदा माझ्याच हातात असायचा.

त्या दिवशी भोकरला निघताना बाबा म्हणाले, "भुईमुगाला पाणी सोडलंय. दहाला बंद कर. इसरू नको, माय."

"हाव," मी म्हटलं.

दहा वाजता मी गाड्यांच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत होते. धाकटा भाऊ पाठीवर चढून ओरडत होता, आई मिक्सरवर चटणी वाटत होती आणि मी पहिल्या नंबरवर होते, आयुष्यात पहिल्यांदा. एवढी शर्यत संपू दे, म्हटलं. मग दुसरी लावली.

अकराच्या सुमारास काकू धापा टाकत दारात आली. "काय करून राहिली गं? तिकडं आमची हळद तरंगून राहिली!"

आमच्या खालच्या अंगाला काकांचं शेत. उकडलेली हळद त्यांनी तिथं उन्हात पसरली होती. आमचं पाणी बांध फोडून थेट तिच्यात शिरलं होतं. मोटर बंद करून आम्ही टोपली, पातेली, भावाचं दप्तर, मिळेल ते घेऊन धावलो. भोकरहून परतलेले बाबाही वेचायला बसले. हात पिवळे, तोंडं पिवळी, काकांचा पांढरा सदरा पिवळा.

"लगीन कुणाचं हाय म्हणावं?" काकू म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

काका हसले नाहीत. "हिचंच लावून टाका. लातूरला कशाला धाडायलाव? तिथं ही अन् फोन, बघायला कोण?"

लातूरला अकरावी-बारावी करायची, क्लास लावायचा, हे ठरलं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. काका बाबांहून मोठे, ठरलेलं मोडायला त्यांचा एक शब्द पुरे होता. बाबा खाली बघत हळद वेचत राहिले.

मोठ्यांपुढं मला बोलता येत नाही. तरी बोलले, "काका, चूक माझी हाय. हळद मी वाळवून देते. पण लातूरला जाणार म्हंजे जाणार."

"अन् गेम?"

खोटं बोलणं सोपं होतं. "खेळणार," मी म्हटलं. आईनं कपाळावर हात मारला.

पुढचे नऊ दिवस मी ती हळद खालीवर केली. मान भाजली. भाऊ लिंबाखाली फोन घेऊन बसायचा आणि स्वतः किती शर्यती जिंकल्या ते ओरडून सांगायचा. नवव्या दिवशी काकांनी एक हळकुंड मोडलं. टक्क वाजलं, आतपर्यंत वाळलेलं. मग दुसरं, तिसरं. माझ्याकडं न बघता ते बाबांना म्हणाले, "लातूरला कवा सोडायचं हिला?"

आता मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी गेले की काका पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "गेम सोडला, म्हणून शिकली पोरगी."

"सोडला न्हाई, काका," मी म्हणते. ते डोळे वटारतात. मग मी पाहुण्यांकडं वळून पुन्हा सांगते.