चेकर कुठल्या रकान्यात?

साबणाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहायचं, वेडीवाकडी वडी दिसली की उचलायची आणि टोपलीत फेकायची. चेकरने उभ्या आयुष्यात एवढंच काम केलं. कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली, पण खोड काही जात नव्हती. शेजाऱ्याच्या नव्या दाराची बिजागरी असो, जिन्यातला दिवा असो की बायकोने लावलेलं बटण, त्याला खोट दिसायचीच, आणि ती तो तोंडावर सांगायचा. गल्लीत त्याचं खरं नाव कुणाला आठवत नसे. तो लांबून येताना दिसला की लोक रस्ता बदलायचे.

एक मात्र कबूल करायला हवं. आपल्याला काम नाही, हे त्याने कधी लपवलं नाही. "सध्या काय चाललंय?" असं कुणी विचारायचा अवकाश, हा छाती काढून म्हणणार, "बेकार आहे!" मग सरकार, मालक, यंत्रं, सगळ्यांची बिनपाण्याने व्हायची. ऐकणारा काकुळतीला आला तरी हा थांबायचा नाही.

तर अशा या गृहस्थाच्या दारात एके सकाळी पाहणीवाली आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पोरसवदा चेहरा. कुणाला काम आहे, कुणाला नाही, याची मोजदाद चालली होती आणि निवडलेल्या घरांत दर तीन महिन्यांनी तिची फेरी असायची. चेकरला केवढा आनंद झाला! "या ताई, बसा. अगदी बरोबर घरी आलात," म्हणत त्याने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

घरात माणसं तीन. चेकर, त्याची बायको आणि बायकोची आई. म्हातारी ऐंशीच्या पुढची, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

पाहणीवालीने आधी बायकोला विचारलं, "काकू, गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?"

"छे गं! मी कुठली काम करते? घरीच तर असते," म्हणत बायकोने दाताने दोरा तोडला आणि पुढचा शर्ट ओढला. शेजारी शिंप्याकडच्या शर्टांचा ढीग पडला होता.

"बटणं लावायचे पैसे मिळतात?"

"मिळतात की थोडेफार."

"मग तुम्ही रोजगारात. आठवड्यात तासभर केलं तरी धरतात." मुलीने टॅबवर टिचकी मारली.

"अगं बाई!" बायको चक्क लाजली.

मग चेकरची पाळी. तो मांडी ठोकून सज्जच होता. काम केलं का? नाही! मुलीने पुढचं विचारलं, "गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत, काका? अर्ज, ओळखीपाळखी, काही?"

"आता कशाला शोधू? पहिलं वर्षभर चपला झिजवल्या. या वयात कोण विचारतंय?"

"म्हणजे नाही शोधलंत." टिचकी. "मग काका, तुम्ही बेकार नाही."

"बेकार नाही? मग काय जहागीरदार आहे?"

"तसं नाही हो. काम नाही आणि शोधतही नाही, अशांना कामगारांत धरत नाहीत आणि बेकारांतही नाही. त्यांचा रकानाच वेगळा. शाळेतली मुलं, आपल्या आजी..."

कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "या जावईबापू, या. सरकून बसते मी. जागा आहे."

त्या दुपारी चेकरला जेवण गेलं नाही. सासूच्या रकान्यात! त्याने तिथल्या तिथे ठरवलं, पुढच्या फेरीला आपण बेकारांतच मोजले गेलो पाहिजे. त्यासाठी काम शोधणं भाग होतं, आणि ते मिळता कामा नये, हेही भाग होतं. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "लोक नोकरी मिळावी म्हणून धडपडतात. तुम्ही बेकारी मिळावी म्हणून धडपडा!"

आणि धडपडला की पठ्ठ्या! बायकांच्या पार्लरात जाऊन आला. पोहता येत नसताना पोहण्याच्या क्लासात शिक्षकाची जागा मागून आला. मुलांच्या नाचाच्या शाळेतून तर त्याला हसत हसत दारापर्यंत पोचवलं. "आजही नाही म्हणाले!" असं तो घरात शिरतानाच जाहीर करायचा आणि पोटभर जेवायचा. बायको बघत होती. पहिल्या वर्षी असाच नकार घेऊन आला की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि तिला त्याच्याकडे बघवत नसे.

फेरी जवळ आली तसा तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात गेला. मालकीणबाई फोनवर कुणावर तरी ओरडत होत्या. चेकर खूश झाला. इथे हाकलून देणार, नक्की. तरी आपली खात्री असावी म्हणून त्याने तोंड सोडलं, "काम आहे का? नसणारच. ही कड बघा, सुटलेली. ही चिकटपट्टी तिरकी. असल्या खोक्यात मी जुनी चप्पल ठेवणार नाही!"

बाईंनी फोन खाली ठेवला. "आणखी बोला."

तो कशाला मागे हटतोय? सगळी थप्पी उकरून बोलला.

"उद्यापासून या," बाई म्हणाल्या. "माल परत येतोय आणि इथे सगळे मला वा वा करतात. मला असंच खवट तोंड पाहिजे होतं."

चेकर घरी आला तो तोंड पाडून. "घात झाला," तो बायकोला म्हणाला. "ती हो म्हणाली."

बायकोला हसावं की रडावं कळेना.

"पंधरा दिवसांनी येतो म्हणून सांगू का?" त्याने विचारलं. "फेरी होऊन जाऊ दे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" ती कडाडली.

"तसं नाही गं," त्याचा आवाज एकदम उतरला. "या माणसाला काम नव्हतं, हे एकदा कुठेतरी लिहिलं जाऊ दे. दोन वर्षं मी काय बागेत फिरत होतो का?"

तिने हातातला शर्ट घडी केला, पुन्हा उलगडला. "तुम्ही उद्या जा," ती शेवटी म्हणाली, आणि तो गेला.

पाहणीवाली आली ती ऐन दुपारी. चेकर जेवायच्या सुट्टीत धावतपळत घरी आला, बोटांना खळ तशीच. "अरे वा काका, रोजगार!" म्हणत मुलीने टिचकी मारली.

"थांबा, थांबा. किती काळ बेकार होता, असा प्रश्न असतो ना? तो विचारा की."

"असतो काका, पण तो बेकारांसाठी. मागच्या फेरीला तुम्ही त्या वेगळ्या रकान्यात होता, आता कामावर आहात. तुम्हाला तो येतच नाही." तिने टॅब फिरवून दाखवला.

चेकरने तो वरून खाली नीट पाहिला. "म्हणजे मी बेकार कधी नव्हतोच."

"आकड्यांत नाही, काका," मुलगी हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटलं.

बायकोने मांडीवरचे शर्ट बाजूला सारले. "मला विचार," ती म्हणाली.

"काय, काकू?"

"हे किती काळ बेकार होते ते. तुझ्या त्या यंत्रात जागा नसली तर नसू दे. तू विचार."

मुलीने टॅब पालथा घातला आणि विचारलं. बायको सांगायला लागली, साबणाच्या कारखान्याच्या दाराला कुलूप बघून तो भरलेला डबा तसाच परत घेऊन आला होता, त्या दिवसापासून. मुलगी ऐकत होती. जेवायची सुट्टी केव्हाच संपली होती, तरी चेकर उंबऱ्यातच उभा होता.