उकिडवा बसलेला पहिलवान

ओल्या झेंडूचा वास आणि नुकत्याच गार झालेल्या लोखंडाचा वास एकमेकांत मिसळला की अजूनही माझ्या छातीत धस्स होतं, आणि पाठोपाठ इतकं हलकं वाटतं की एकटीच असले तरी हसू येतं! तुम्हाला म्हणून सांगते. इतरांना वाटायचं, निवृत्त झाल्यापासून बाईंचं डोकं फिरलं. पण खंडेनवमीच्या त्या सकाळी नांदेडहून नायगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जे पाहिलं, ते पाहून कुणाचं डोकं जागेवर राहिलं असतं?

त्या शेडमध्ये एक यंत्रमानव उभा होता. लढाईसाठी घडवलेला, तीन माणसं एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहावीत एवढा उंच, राखाडी रंगाचा पहिलावहिला नमुना. कामगार त्याला पहिलवान म्हणत. छातीत एक माणूस बसेल एवढं केबिन, दंड पाण्याच्या टाकीएवढे, आणि पंजे अजून रिकामे; शस्त्र पुढं यायचं होतं. त्या रिकाम्या पंजांकडं पाहून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? या प्रचंड देहाचा आराखडा काढला होता माझ्या लेकीनं, शिवलीलेनं. उदगीरच्या आमच्या अंगणात मुंग्यांच्या रांगेला वळसा घालून चालणारी ही पोर, आणि तिनं घडवावा तो योद्धा! आपल्याहून विशाल असं काही निर्माण करण्याची ही अनिवार ओढ माणसात कुठून येत असेल? आणि ती विशालता आवरायची कुणी, हा प्रश्न निर्मितीच्या त्या धुंदीत कितीजणांना सुचत असेल?

शिवलीलेला सुचला होता, आणि त्यावरूनच कारखान्याच्या मालकांशी तिचं वाजलं होतं. केबिनमध्ये बसणाऱ्याला पहिलवानाच्या पायांपाशी काय आहे ते दिसत नाही, म्हणून यंत्राला खाली पाहणारा एक यांत्रिक डोळा दिलेला होता. पाऊल उचललं की डोळ्यानं ते ठेवायची जागा पाहायची, मगच पाऊल टाकायचं. डोळा झाकला गेला तर? मालक म्हणत, चालत राहायचं. रणांगणावर धूळ असते, धूर असतो. शिवलीला म्हणे, दिसत नसेल तर उचललेलं पाऊल जिथल्या तिथं ठेवायचं आणि गुपचूप खाली बसायचं. कसं बसायचं हे शोधायला ही बया वही घेऊन दोन दिवस हदगावच्या बसस्टँडवर जाऊन बसली होती. गाडीची वाट पाहत तिथं माणसं तासन्‌तास उकिडवी बसतात, टाचा जमिनीला घट्ट, आणि तोल तिळभर ढळत नाही. तेच बसणं तिनं पहिलवानाच्या गुडघ्यांत घातलं. “उकिडवा बसलेला योद्धा कुणी पाहिलाय का हो, बाई?” मालक मला विचारत आणि पोट धरून हसत.

मीही हसले होते. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता मी तिला सुनावलं, “मालक म्हणतेत तसं करून टाक की. चांगली नोकरी हाय, कशाला वाकड्यात शिरतीस?” तिनं ताटातून मान वर केली नाही. “न्हाई जमणार, अव्वा,” एवढंच म्हणाली. जन्मभर वर्गात पोरांना ताठ राहायला शिकवणारी मी, पोटच्या पोरीला वाकायला सांगताना माझी जीभ जराही अडखळली नाही!

खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, म्हणून पहिलवानाचं पहिलं पाऊल त्याच सकाळी टाकायचं ठरलं. केबिनमध्ये शिवलीला बसणार होती. घरात नवी सायकल आली तरी तिला विभूती लावणारी मी; लेक ज्याच्या छातीत बसणार, त्याचं कपाळ कोरं कसं ठेवीन? तिथले जुने वेल्डर रशीदमामा यांनी माझ्यासाठी शिडी धरली. “बाई, संभाळून हां. पडलात तर पोरगी माझं चामडं सोलंल,” ते म्हणाले. मी चढले आणि त्या लोखंडी भाळावर इकडून तिकडं तीन भरघोस पट्टे ओढले. मधोमध सुपारीएवढी काळी काच होती. मी आपली शोभेची टिकली समजले.

मालकांनी नारळ फोडला. करवंटीचा तुकडा घरंगळत पहिलवानाच्या पुढ्यात गेला, आणि तो पावलाखाली येऊ नये म्हणून रशीदमामा उचलायला वाकले. त्याच क्षणी मालकांनी उत्साहाच्या भरात हात हलवला. वर शिवलीलेला तो निघायचा इशारा वाटला. खाली वाकलेले मामा कुठून दिसणार? घरघर झाली आणि ते अजस्र पाऊल उचललं गेलं. मी ओरडले की नाही, आठवत नाही. मामांच्या पांढऱ्या टोपीवर त्या पावलाची सावली पडलेली तेवढी आठवते. ज्या डोळ्यानं त्यांना पाहायचं, तो माझ्याच विभूतीनं लिंपला होता! पाऊल अधांतरी थबकलं. मग मागं सरलं, होतं तिथंच टेकलं, आणि तो सगळा डोंगर हळूहळू गुडघ्यांत मोडत खाली आला आणि उकिडवा बसला.

दुःख आलं तर माणूस टाहो फोडतो, पण सुटकेला आवाजच नसतो का? मी तिथंच फरशीवर बसले. मामा करवंटी हातात घेऊन उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, “या अल्ला! बसला की ह्यो!” शिवलीला उतरली ती पांढरीफटक. बसलेल्या पहिलवानाचं कपाळ आता तिच्या हाताला लागत होतं. काचेवरून तिनं बोट फिरवलं. “कुणी लावलं हे?”

“मी,” मी म्हणाले, “मीच गं.”

“बाईंना काई बोलू नको, बेटी,” मामा मध्येच म्हणाले. “शिडी मी धरली व्हती.”

मालकांनी रुमाल काढून ती काच स्वतः पुसली. मग मामांच्या टोपीकडं पाहिलं. “मॅडम, गुडघे असेच राहू द्या,” ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

परतताना स्कूटीवर मी शिवलीलेला मागून घट्ट धरलं होतं. दोन्ही बाजूंना सोयाबीनची कापणी चालली होती, बायका एकमेकींना हाका मारत होत्या, आणि ते रोजचं जग मला इतकं मोलाचं कधीच वाटलं नव्हतं. सामर्थ्य देणारे पुष्कळ भेटतात. त्याला थांबायला शिकवणारं माणूस माझ्याच घरात भाकरी खात होतं, आणि मी त्यालाच गप्प बसवायला निघाले होते! अखेर न राहवून मी तिच्या कानाशी म्हणाले, “काल माझं ऐकलं असतंस तर गं?”

तिनं गाडी जराशी हळू केली. “ऐकलं न्हाई की, अव्वा,” ती म्हणाली.

माझा शब्द मोडल्याचं एवढं सुख मला जन्मात कधी झालं नव्हतं. तिच्या पाठीवर कपाळ टेकून, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, मी नांदेड येईपर्यंत रडून घेतलं.