अठ्ठ्याहत्तर किलोंची फळी

"आडवं झाल्याशिवाय काही कळत नाही," असं गादीवाले म्हणत. दिवसातून चार वेळा तरी म्हणत आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणत. गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि त्यानं गादीवर बोट दाबून पाहिलं, की यांचा चेहरा उतरायचा. बोटाला गादी कळते का? बोटाला कधी पाठ दुखल्याचं ऐकलंय? मग ते त्याला चपला काढायला लावत, गादीवर निजवत आणि स्वतः स्टुलावर बसून दाभणात दोरा ओवत राहत. पाव तास. कित्येक गिऱ्हाइकं तिथंच घोरू लागली आणि उठल्यावर मुकाट गादी घेऊन गेली.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे त्यांची नजर. माणूस उंबरठ्यात उभा राहिला की गादीवाले त्याचं वजन सांगत. "या, या. एकाहत्तर किलो. उजव्या कुशीवर निजता." माणूस चपापायचा, कारण आकडा बरोबर असायचा. अमुक वजनाला इतका कापूस, तमुक वजनाला काथ्याचा थर, हे गणित त्यांच्या डोळ्यांतच होतं. आवाज मात्र बेताचा ठेवणं त्यांना जमलं नाही. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या कडेनं जात.

दुकानात कोपऱ्यात एक मोठा काटा होता. त्यावर कापसाची गाठोडी चढत. गादीवाले स्वतः त्या काट्यावर कधी चढले नाहीत. "माझं मला माहीत आहे की. अठ्ठ्याहत्तर," ते म्हणत. लग्नाच्या वर्षी ते खरोखरच अठ्ठ्याहत्तर होते. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. आकडा तिथंच राहिला होता आणि गादीवाले पुढं गेले होते.

अशा या गृहस्थाला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पाण्यावर उभं राहायचं वेड लागलं. गाव खाडीच्या तोंडाशी. वारा फुकट, पाणी फुकट. शेजारी भूगोलाचे मास्तर राहत. त्यांच्याकडे शिडाची एक जुनी, लांबलचक फळी होती. तिच्यावर उभं राहायचं, डोलकाठी धरून शीड वाऱ्यात कलतं करायचं, की फळी पाण्यावरून निघते. मास्तरांनी यांना शिकवलं. पहिला उन्हाळा गादीवाले फळीवर कमी आणि पाण्यात जास्त होते. दुसऱ्या उन्हाळ्यात ते खाडी ओलांडून पलीकडं गेले. पलीकडच्या गावात त्यांची लेक दिलेली. बसनं वळसा घालून दीड तास, पाण्यावरून पंचवीस मिनिटं. सकाळी पाणी निवांत, इस्त्री केलेल्या चादरीसारखं. तेव्हा जायचं, नातीला भेटायचं आणि ऊन चढायच्या आत परत. लेकीचे सासरे अंगणात पेपर वाचत बसलेले असत. ते चष्म्यावरून बघून म्हणत, "व्याहीबुवा, बस असते हो. साठीच्या पुढच्यांना खिडकीची जागासुद्धा राखून ठेवतात."

"मी अजून सत्तावन्नचा आहे."

"मग तीन वर्षं पोहा."

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या वर्षी मास्तर लेकाकडे मोठ्या शहरात राहायला गेले आणि आठवण म्हणून फळीही घेऊन गेले. त्या शहरात पाणी नव्हतं, तळंसुद्धा नव्हतं. मास्तरांनी पत्रानं कळवलं की फळी गच्चीत आहे, सून तिच्यावर कपडे वाळत घालते, बाकी सर्व कुशल.

त्याच आठवड्यात नातीचा फोन आला. तिला येत्या रविवारी सहावं लागणार होतं. "आजोबा," ती म्हणाली, "मी वर्गात सांगितलं की माझे आजोबा पाण्यावर उभे राहून येतात. तर सगळे हसले. आणि बाई म्हणाल्या, हिची कल्पनाशक्ती छान आहे." मग ती म्हणाली, "मी सगळ्यांना वाढदिवसाला बोलावलंय. बावीस जणांना. आणि बाईंना. वाळूवर. चार वाजता. तुम्ही या."

"येतो की," गादीवाले म्हणाले. फोन ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की फळी नाही. आणि फळी असती तरी चार वाजता खाडी म्हणजे सकाळची खाडी नव्हे. दुपारी वारा ओहोटीच्या अंगावर चालून येतो आणि पाणी उकरतो. आखूड, टोकदार, एकीमागं एक उंचवटे उठतात. जुन्या लांब फळीवरही दुपारी गुडघ्यांची वाट लागायची. वर पलीकडच्या वाळूपाशी, समुद्राच्या मनात आलं तर, दोनतीन खऱ्या लाटा आत येतात. रोज नाही. पण कधी येतील ते सांगून येत नाहीत.

"एकच फळी घ्यायची," त्यांनी बायकोला सांगितलं, "उकरलेल्या पाण्यातही चालणारी आणि लाट आली तर घाबरून न जाणारी."

"माणसात सापडत नाही असं काही," बायको म्हणाली, "फळीत बघा." आणि पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर निघाली.

फळ्यांचं दुकान धक्क्यालगत होतं. एक बाई चालवत. उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या, कानावर पेन्सिल. गादीवाले दारात उभे राहिले आणि सवयीनं बोलून गेले, "चौसष्ट. पाठीवर निजता."

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली. "काय हवंय?" एवढंच म्हणाल्या, पण ते चौसष्ट त्यांनी मनात टिपून ठेवलं असावं.

गादीवाल्यांनी गरज सांगितली. बाईंनी भिंतीवरून तीन फळ्या उतरवून जमिनीवर गालिच्यावर ठेवल्या. गादीवाल्यांनी चपला काढल्या आणि पहिल्या फळीवर आडवे झाले.

"काका," बाई म्हणाल्या, "हिच्यावर उभं राहायचं असतं."

"उभा तर मी रस्त्यावरही राहतो. आडवं झाल्याशिवाय काही कळत नाही."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको स्टूल ओढून बसली. "पाव तास लागेल," ती म्हणाली. "एका फळीला."

पहिली फळी रुंद आणि तळाला सपाट, कडा धारदार. डोळे मिटून, हात पोटावर ठेवून गादीवाले बराच वेळ पडून राहिले. मग म्हणाले, "ही पळेल. पण लाकडी पलंगासारखी आहे. प्रत्येक उंचवट्यावर आपटेल आणि दणका थेट दातात येईल."

"बरोबर," बाई जरा चकित होऊन म्हणाल्या. "ती सपाट पाण्याची, शर्यतीची."

दुसरी आखूड, निमुळती, केळ्यासारखी वाकलेली. तिच्यावर त्यांचे पाय घोट्यापासून बाहेर आले. "ही पाळण्यासारखी झुलते. लाटेत मजा करेल, पण लाट नसली तर रुसून बसेल. मला पलीकडं जायचंय, झुलायचं नाही."

तिसरीवर ते निजले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती कळा आली जी चांगला कापूस हातात आल्यावर येते. कडा गोलसर. शेपटी आटोपशीर. तळ मधोमध किंचित उभारलेला, दोन्हीकडे उतरता, कौलारू छपरासारखा. पाय ठेवायच्या जागी मऊ जाड पट्टी. "ही पाणी फोडते," ते डोळे न उघडता म्हणाले. "आपटत नाही, कापत जाते. आणि वळायला सांगितलं तर वळेल. हीच."

"मीही हीच दिली असती," बाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात आदर होता. "पण माप बघावं लागेल. ही पंचाण्णव लिटरची आहे. म्हणजे फळी, शीड आणि माणूस, सगळ्यांचं मिळून वजन पंचाण्णव किलोंच्या आत हवं. नाहीतर बुडते. तुमचं वजन?"

बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"अठ्ठ्याहत्तर," गादीवाले म्हणाले.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. वजन नजरेनं ओळखायची विद्या त्यांच्याकडे नव्हती, पण डोळे होते. तरीही गिऱ्हाइकाला खोटं पाडायची रीत त्यांची नव्हती. "अठ्ठ्याहत्तरला बसेल," त्या म्हणाल्या. "आधी पाण्यात घालून बघा. मग घ्या."

धक्क्याच्या आडोशाला पाणी कमरेइतकं होतं. गादीवाले फळीवर चढले, ऐटीत उभे राहिले आणि उभेच्या उभे खाली जाऊ लागले. घाई नाही, गडबड नाही. सूर्य मावळतो तसे. पाणी घोट्याला आलं, पोटऱ्यांना आलं, गुडघ्यांना आलं. फळी कुठं दिसेना. काठावरून पाहणाऱ्याला वाटावं की एक प्रतिष्ठित गृहस्थ पाण्यात उभे राहून कुणाची तरी वाट बघताहेत.

"फळीत खोट आहे!" त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं.

दुकानात परत आल्यावर बाईंनी फळी उलटीपालटी केली, ठोकली, कान लावला. "असं कधी झालं नाही. आत पाणी शिरत असेल. कारखान्याकडे परत पाठवते. बदली यायला तीन आठवडे."

"तीन आठवडे!" गादीवाल्यांच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. "रविवारी चार वाजता बावीस मुलं वाळूवर उभी असतील हो!" मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं तशीच एक फळी होती, लाल. तेच गोलसर काठ, तेच छपरासारखं पोट. "ती द्या."

"ती एकशे वीस लिटरची. नव्वदच्या वरच्या माणसाची. तुमच्या अठ्ठ्याहत्तरला ती जास्त होईल, वाऱ्यात आवरणार नाही. आणि पावरोटीवाले पाच वाजता न्यायला येताहेत. अजून पैसे दिले नाहीत, पण बोलून गेलेत."

घड्याळात पावणेपाच झाले होते.

गादीवाले जवळ सरकले. आवाज उतरवला. "अलीकडं मी जरा... भरलोय."

"किती?"

"दोनएक किलो."

"ऐंशीला पंचाण्णव लिटर चालते, काका."

"तीन असतील."

"एक्क्याऐंशीलाही चालते."

"पावसापाण्याचे दिवस, काम कमी, बसून... पाच धरा."

बाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. आता त्यांना चौसष्ट आठवत होतं, हे त्यांच्या ओठांच्या कडेवरून दिसत होतं. "पाच धरले. पुढं?"

"अहो," स्टुलावरून बायको म्हणाली, "सांगून टाका. पोरगी वाट बघेल."

"काय सांगू? तुला काय माहीत?"

"दर महिन्याला घरातली गादी कोण उलटवतं?"

"तू."

"आणि तुमच्या बाजूचा खड्डा कोण बघतं?"

गादीवाले ताठ झाले. हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता. "खड्डा? माझ्या गादीला? एकतीस वर्षांत माझ्या गादीला खड्डा पडलेला नाही! सगळ्या गिऱ्हाइकांना मी घरी नेऊन दाखवतो!"

"दाखवता खरं," बायको म्हणाली. "दर वर्षी तुम्ही कापूस आणायला बाहेरगावी गेलात की मी तुमच्या बाजूची शिवण उसवते, ओंजळ-दोन ओंजळी कापूस भरते आणि पुन्हा टाके घालते. तुमच्यासारखेच घालते. तुमच्याकडे बघूनच शिकले. तुम्हाला कधी ओळखू आले नाहीत."

गादीवाले आपल्या बायकोकडे बघत राहिले. तिचं वजन त्यांनी कधी मोठ्यानं सांगितलं नव्हतं. एक्कावन्न, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. तिच्या बाजूचा कापूस ते डोळे मिटून सांगू शकले असते. आपल्या बाजूला एकतीस वर्षं काय भरलं जातंय, याचा त्यांना पत्ता नव्हता.

ते बाईंकडे वळले. ओले, ताठ, हात बाजूला. "चौऱ्याण्णव," ते म्हणाले. मग सवयीनं पुढचंही म्हणाले, "उताणा निजतो."

"लाल फळी, शिडासकट," बाई म्हणाल्या आणि शिडी आणायला गेल्या. पावरोटीवाले आले तेव्हा त्यांनी त्यांना शर्यतीची सपाट फळी दाखवली. त्यांना ती लांबूनच आवडली. ते आडवे झाले नाहीत.

रविवारी पावणेचारला खाडी हिरवी-पांढरी झाली होती. गादीवाल्यांनी लाल फळी पाण्यात सोडली, वर पाय ठेवला आणि ती तरली. नुसती तरली नाही, त्यांचं सारं खरं वजन तिनं उचलून धरलं, कुरकुर न करता. शीड भरलं. उंचवटे आले आणि फळीच्या छपरासारख्या पोटाखाली दोन्हीकडे सांडत गेले. दणका नाही, दात हलले नाहीत. अर्धी खाडी मागं पडली. पलीकडच्या वाळूवर बावीस ठिपके दिसू लागले, मग ते ठिपके उड्या मारू लागले. आणि तेवढ्यात समुद्राच्या मनात आलं. मागून एक खरी लाट उठली. गादीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पायांनाच ती कळली. त्यांनी गुडघे वाकवले, टाच दाबली, फळी वळली आणि लाटेच्या उतारावरून घसरत त्यांना थेट वाळूवर घेऊन आली. अगदी शेवटी, काठ दोन हातांवर असताना, ते पडले. पण ते पडणंही नीट उताणं, पाव तास पडून राहतील असं.

"बाई," नात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझे आजोबा. चौऱ्याण्णव किलो."

"तुला कुणी सांगितलं?" गादीवाल्यांनी वाळूतूनच विचारलं.

"आजीनं. ती सकाळीच बसनं आली."

वर्गाच्या बाईंनी कल्पनाशक्तीबद्दल त्या दिवशी काही म्हटलं नाही. वाटीत बिस्किटं घेऊन त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मुलांनी लाल फळी वाळूवर ठेवून तिच्यावर आडवं होण्यासाठी रांग लावली. गादीवाले शेजारी उकिडवे बसून प्रत्येकाचं वजन सांगत होते. "एकोणीस, पोटावर निजतोस. बावीस, रात्री फिरतोस तू." मुलं किंचाळत होती, कारण सगळं खरं होतं.

साडेसहाला वारा पडला. असा पडला, की शिडाचं कापड हललंही नाही. व्याहीबुवा खुर्ची घेऊन वाळूवर आले होते. त्यांनी पेपराची घडी घातली, पाण्याकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. बसची वेळ सव्वासात होती. एवढं मोठं धूड टपावर चढेल की नाही, ते सगळं कंडक्टरच्या मर्जीवर होतं.

गादीवाल्यांनी काठी आणि गुंडाळलेलं शीड लेकीच्या पडवीत ठेवलं, पुढच्या खेपेला न्यायला. बायको दोन दिवस लेकीकडेच राहणार होती. त्यांनी लाल फळी डोक्यावर घेतली. डोकं, खांदे, सगळं फळीखाली गेलं. स्टँडच्या वाटेनं एक लाल फळी दोन पायांवर सावकाश चालू लागली. बावीस मुलं आणि त्यांच्या बाई बघत होत्या. नात बघत होती, एक हात आजीच्या हातात. व्याहीबुवा खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. बायको बघत होती, आणि मनात कापसाचा हिशेब करत होती, की या वर्षी ओंजळ भरायची गरज नाही, आता ते आपलं आपणच भरतील.

वळणापाशी फळी थांबली, वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखी जरा डावीकडे कलली, आणि मग झाडीआड गेली.