गव्हाशिवाय पाव

तीस वर्षं बेकरीत पाव भाजण्यात घालवलेल्या माणसाच्या बायकोलाच गहू वर्ज्य व्हावा, याला नशिबाची थट्टा नाही तर काय म्हणायचं? गव्हाचा कणही तिला चालत नाही, हे डॉक्टरांना कळेपर्यंत ती वाळून काडी झाली होती.

"बाकी सगळं सोडते हो, पण तुमच्या हातचा पाव हवा," एवढंच ती म्हणाली आणि पाववाला हट्टाला पेटला. घरच्या ओव्हनमध्ये नुसत्या तांदळाच्या पिठाचा पाव विटेसारखा झाला. बटाट्याचा स्टार्च मिसळला, तर तो छान फुगला आणि बाहेर काढताच मटकन खाली बसला. गव्हाचा चिवटपणा आणायचा तरी कुठून? शेवटी त्याने इसबगोल भिजवून घातला, तेव्हा कुठे आठवा पाव ताठ उभा राहिला.

बायकोने दोन तुकडे डोळे मिटून खाल्ले. तासा-दोन तासांत ती पोट धरून कळवळू लागली.

"अहो, काय घातलंत यात?"

त्याने एकेक जिन्नस आठवून पाहिला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पीठ चाळायला त्याने बेकरीतली चाळण आणली होती. तिच्या जाळीत वर्षानुवर्षांचा मैदा बसलेला होता.

"मीच तुला विष चारलं गं!"

"पाव मात्र झकास झाला होता," ती कण्हत म्हणाली आणि ओकारी आली म्हणून बेसिनकडे धावली. तो तिची पाठ चोळायला गेला, पण स्वतःच्या नखांतला मैदा दिसला आणि त्याने हात मागे घेतला.