आईचा पाय कुठल्या दिशेला

आईचा उजवा गुडघा बदलल्यावर आम्ही तिला विरारच्या फ्लॅटवर आणलं. बर्फ लावायचं काम माझ्याकडे आलं. पातळ पंच्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी वीस मिनिटं, आणि पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सूज उतरली तरच गुडघा वाकेल. आत्ता वाकला नाही तर पुढे ताठच राहील." नव्वद अंश वाकायला हवा होता, सत्तरला अडला होता.

मी शिवणकामाच्या टेपने गुडघ्याचा घेर मोजायचो. सकाळी कमी भरायचा, रात्री पुन्हा आदल्या रात्रीएवढाच. कारण उघड होतं. संध्याकाळी माणसं भेटायला यायची आणि बेल वाजली की आई पिशवी बाजूला सारून, पाय खाली सोडून बसायची. आल्यागेल्यासमोर पाय पसरायचे नाहीत, हे तिचं आयुष्यभराचं वळण.

मग मी पलंग फिरवायला घेतला. खोली दहा बाय बारा. पश्चिमेला देव्हारा, तिकडे पाय नकोत. दक्षिणेला तर नकोतच. पूर्वेला पाहुण्यांच्या खुर्च्या. उरली उत्तर, पण पलंग तसा लावला की बाथरूमचं दार अर्धंच उघडे आणि वॉकर आत जाईना. दोनदा मापं घेतली. खोली तेवढीच भरली.

"देव्हाऱ्याकडे कर पाय. देव समजून घेईल," मी म्हणालो.

"देव घेईल. तुझे काका?"

त्याच संध्याकाळी जूचंद्रहून मोठे काका आले. आईने पाय खाली सोडला, पदर सारखा केला.

"अगं, पाय वर घे. मी काय परका आहे?"

"असू दे दादा. बरी आहे मी."

"हट्टी आहे," काका मला म्हणाले आणि ऐसपैस टेकून बसले.

मी जमिनीवर बसून लोंबत्या गुडघ्याला दोन्ही हातांनी पिशवी धरली. वर दोघांचं गावच्या जमिनीवर बोलणं सुरू झालं. माझ्यासमोर पोटरीची कातडी ताणून चकाकत होती आणि पावलावर बोट टेकलं की खळगा तसाच राहत होता.

"पोरगा सेवा करतो हो," काका म्हणाले. "चहा टाकतोस का रे?"

बायको ऑफिसातून यायची होती. मी आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, ऊठ.

पिशवी तिच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात गेलो. वळून पाहिलं, तर ती तिने उशीमागे ठेवली होती.