भिंतीवर ठोकलेली चादर

मल्लेशम गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो, असे शोकसभेत सांगितले गेले आणि तसे छापूनही आले. मी नव्हतो. त्या दिवशी मी बार्शीच्या एका शाळेत चित्रकलेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. दुपारी एस.टी.तून उतरून त्याच्या गल्लीत शिरलो आणि पाय थबकले. कामाचा वार असूनही गल्लीतले सगळे माग बंद होते. ज्या खडखडाटात आम्ही वीस वर्षे ओरडून बोललो तो थांबलेला पाहिल्यावर कोणी काही सांगायची गरज उरली नाही...

त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांना घाई फार झाली आहे. एकाने त्याला 'तेलंगणातून आलेला कलावंत' म्हटले. आला तो त्याचा आजा, तोही चालत. मल्लेशमचा जन्म सोलापूरचा. चादरीच्या कारखान्यात तो नक्षी काढी: चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे, त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी आणि वाद दोन्हींत. पोटासाठी मोर आणि वेली. स्वतःसाठी मात्र एकच विषय, गाव सोडून चालणारी माणसे. रविवारी तो माझ्याकडे चित्रकला शिकायला येई. तो माझा शिष्य होता असे मी म्हणतो तेव्हा काहीजण हसतात. हसोत.

मी मूळचा केम गावचा. मी त्याला नेहमी ऐकवीत असे की तुझ्या लोकांचे स्थलांतर झाले, माझी नुसती बदली झाली. त्यावर तो शांतपणे विचारी, "मग केमच्या घराची किल्ली खिशात कशाला ठेवता की, मास्तर?" मी विषय बदलत असे.

पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिले की त्याची ती प्रसिद्ध चादर बहात्तरच्या दुष्काळावर आहे. चादर आदल्या वर्षीच विणून झाली होती. तिच्यात एका रांगेत माणसे चालली आहेत: डोक्यावर हंडा घेतलेली बाई, कमरेला मागाचा धोटा खोचलेला म्हातारा, पाठीशी लेकरू बांधलेली आई आणि सर्वांत शेवटी छत्री घेतलेला एक ताठ मानेचा इसम. गाव नाही, गिरणी नाही, रस्ताही नाही. एका चादरीसाठी एवढे पुठ्ठे कोणी पाडत नाही. गल्लीने त्याला वेड्यात काढले. ती चादर त्याने मला दिली. मी वरच्या काठाला ओळीने खिळे मारून ती बैठकीच्या भिंतीवर लावली. पुढच्या रविवारी तो आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "थंडीत काय पांघरणार, मास्तर?" मी हसलो. तो हसला की नाही, आठवत नाही.

शोकसभेत त्याच्याच समाजातले एक वृद्ध गृहस्थ उठले. चादर मागावरून उतरली तेव्हा आपण ती पाहिली होती, असे ते म्हणाले. तीतली माणसे उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, म्हणजे तेलंगणात परत चालली आहेत. मल्लेशमचा जीव तिकडेच होता. मला राहवले नाही. ती डावीकडे चालली आहेत, सोलापूरला येत आहेत, मी रोज पाहतो, असे मी भर सभेत सांगितले. गृहस्थांनी डोळे तपासून घ्यावेत, असेही जोडले. लोक हसले. ते गृहस्थ खाली बसले.

नंतर हैदराबादहून पत्र आले. तिथल्या प्रदर्शनासाठी चादर हवी आहे, लाकडी फळीवर घट्ट बसवून काचेत लावू, दर्शनी बाजू कोणती ते कळवावे. मी खिळे उपटले. चादर अंगावर आली, उलटी झाली... आणि माणसे उजवीकडे चालू लागली.

सोलापुरात निम्मे आयुष्य काढलेल्या, अशाच चादरी पांघरून झोपलेल्या माणसाला ही नक्षी दोन्ही अंगांनी उमटते हे ठाऊक नव्हते काय? होते. पण भिंतीवर गेल्यावर मी तिला चित्र समजलो, आणि चित्राची पाठ कोणी पाहत नाही.

मी मल्लेशमच्या पत्नीकडे, एल्लव्वांकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि मी विचारले, तो कोणती बाजू खरी म्हणत असे.

"बाजू कसली, मास्तर? पांघरताना कुठली वर आली, कोण बघतंय?" मग चुलीकडे पाहत त्या म्हणाल्या, "तुमी भिंतीला ठोकलात म्हणून घरी येऊन लई हसले. मग जेवले न्हाईत."

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. त्या छत्रीवाल्याला मी आजवर नीट पाहिलेच नव्हते. छत्री माझी आहे, मानही माझीच. केम पश्चिमेला. म्हणजे ज्या बाजूला मल्लेशमची माणसे सोलापुरात येतात, त्याच बाजूला मी केमला परत निघालेला असतो. आणि मी इकडे येतो तेव्हा ती सारी परत जात असतात. हे त्याने मला कधी सांगितले नाही. पाठ पाहीन म्हणून वाट बघितली असेल.

फळीवर बसवू नका, दोरीवर खोलीच्या मधोमध टांगा, असे मी हैदराबादला कळवले आहे. उत्तर नाही. त्यांचा माणूस येत्या रविवारी न्यायला येणार आहे. चादर दिली तर एक बाजू कायमची फळीकडे जाईल; न द्यावी तर हा म्हातारा मास्तर आपली चूक लपवतो असे म्हणतील. चूक मी इथे लिहून टाकतो: त्या गृहस्थांचे डोळे ठीक आहेत.

तूर्त ती बैठकीत दोरीवर आहे, वरच्या काठाला गंजलेल्या भोकांची ओळ घेऊन. पाणी प्यायला आत जाताना मला तिला वळसा घालावा लागतो. जाताना छत्रीवाला केमला निघालेला दिसतो. परत येताना तो सोलापुरात येत असतो, आणि त्याच्या पुढे चाललेल्या साऱ्यांची माझ्याकडे पाठ असते.