नातीची मागची सीट

“आसं म्हनता?” आमच्या घरमालकांचा कोणत्याही गोष्टीवरचा हा पहिला शब्द. गॅसचं सिलिंडर आलं की ते दोन्ही हातांनी हलवून बघत. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवत. भुकूमला त्यांच्या वरच्या खोल्यांत मी राहायला आले, तेव्हा मी एकटीच राहणार आहे यावरही त्यांचा पंधरा दिवस विश्वास नव्हता. अशी माणसं तुमच्याही माहितीत असतील. एकटी राहतात आणि सगळ्या जगावर पाळत ठेवतात.

महाळुंग्याच्या त्यांच्या जावयाने मोठी गाडी घेतली. ती अंगणात आली तेव्हा आम्ही पेढे खाल्ले आणि मालक एकेका सीटवर बसून आले. तीन वर्षांची नात पुढे, आईच्या मांडीवर होती. लाडाची पोर, तिला मानाची जागा.

“मी धरलंय की घट्ट, दादा,” लेक म्हणाली.

“आसं म्हनता?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझी गाडी काढायला लावली. स्वतः पट्टा लावून पुढे बसले आणि घरचा लाल भोपळा मांडीवर दोन्ही हातांनी कवटाळला. “ताई, रस्ता मोकळा दिसला की दाबा ब्रेक.” मी दाबला. फार वेगात नव्हतो आम्ही, तरी भोपळा सुटला, समोर आदळला आणि त्यांच्या पायाशी फुटला. मला हसू येत होतं. मालक मात्र आपल्या हातांकडे बघत बसले होते.

मग माझ्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. मूल मागे बसवा, त्याच्या मापाच्या खुर्चीत, पट्टा लावून. “पान गाळलं न्हाई ना?” असं मध्येमध्ये विचारत होते. जावयाच्या गाडीत मागे मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा होता, म्हणून त्यांनी डावी जागा ठरवली. पोर रस्त्याच्या कडेलाच उतरेल. पुण्याला जाऊन खुर्चीही आणली. जावयाने ती हसतमुखाने बसवून घेतली, आणि मालकांना नेमका त्या हसण्याचाच संशय आला.

पुढच्या रविवारी पोरीला खुर्चीत बांधून गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीच मालक पायवाटेने पौड रस्त्याच्या वळणावर, रसाच्या गाड्यामागे जाऊन उभे. मी भाजी घ्यायला तिथेच होते. गाडी आली. खुर्चीत त्यांनीच दिलेली मेथी होती, आणि नात छताच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून उभी होती. मालक सरळ गाडीसमोर गेले. धरणाकडून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले.

“मामा, रस्त्यात लाज काढली तुमी,” जावई काच खाली करून म्हणाला. “एवढा इस्वास न्हाई, तर तुमीच बसा की रोज मागं तिच्याशेजारी.”

त्यानंतर नात यायची बंद झाली. लेक फोन उचलेना. मालक फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत. मला बघवेना. मी म्हटलं, माफी मागून टाका.

“मागीन की. त्यानं पोर मागं बसंल व्हय?”



लेक दिलेल्या घरी मुक्काम करायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. बारशालाही ते जेवून संध्याकाळी परत आले होते. आणि एका सकाळी हेच मालक हातात पिशवी घेऊन माझ्या दारात. घराची किल्ली त्यांनी मला दिली.

“महाळुंग्याला चाललोय, ऱ्हायला. जावईच म्हनलं न्हवं, तुमीच बसा रोज.”

“अहो, ते रागाने म्हणाले.”

“रागानं का हुईना, म्हनलं ना?”

“लोक नावं ठेवतील.”

“ठिवू द्यात.” मग जिन्याकडे वळत म्हणाले, “माज्या हातानं भोपळा धरवला न्हाई, ताई.”

जावयाने त्यांना आत कसं घेतलं, लेक काय बोलली, मला ठाऊक नाही. खालचं घर बंद आहे. दूधवाला आता बिनधास्त माप टाकून जातो, आणि खरं सांगते, मला करमत नाही.

परवा बालेवाडीच्या सिग्नलला त्यांची गाडी माझ्या शेजारी थांबली. जावई चालवत होता. मागे डावीकडे नात खुर्चीत गाढ झोपलेली, आणि तिच्या शेजारी गुडघे आखडून मालक. मी काच खाली करून हात हलवला. त्यांनी ओळखलं, हसलेही. पण हात काही वर केला नाही. तो नातीच्या पट्ट्यावर होता.